खणातली हत्यारे : सिम्युलेशन नावाच्या प्रतिसृष्टीचे वाचन

कारखान्याविषयीचे दोन ग्रंथ गेली काही वर्षे माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडून आहेत. पहिला फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचा ‘ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स’. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष या नात्याने टेलर यांनी डिसेंबर १९०६मध्ये हा प्रबंध मांडला. दुसरा के. डी. टॉचर यांचा ‘द आर्ट ऑफ सिम्युलेशन’, १९६३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला. पहिला धातू कापण्याविषयी आहे, दुसरा एखादी गुंतागुंतीची व्यवस्था संगणकावर चालवून पाहण्याविषयी. दोघांच्याही नावात ‘कला’ हा शब्द आहे. साहित्याच्या वाचकाला तो आधी खटकतो आणि मग खुणावतो. आकडे, कोष्टके आणि सूत्रे यांनी भरलेल्या पुस्तकांना या शब्दाची गरज का वाटली असावी?

मी पोटापाण्यासाठी पिंपरी-चिंचवड परिसरातल्या कारखान्यांत उत्पादन-नियोजनाचे काम केले आणि उरलेल्या वेळात मराठी पुस्तके वाचली. या दोन सवयींची गाठ फारशी कधी पडली नाही. पडली ती एकदाच, आणि तीही माझ्या हातून एक चूक झाल्यामुळे. त्या चुकीकडे मी पुढे येणार आहे. माझे म्हणणे आधी थोडक्यात सांगतो. सिम्युलेशन ही कथनाची एक जात आहे. तिच्यात पात्रे असतात, काळ असतो, ‘असे झाले तर पुढे काय’ हा प्रश्न असतो. म्हणून कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो तेच तिलाही विचारायला हवेत, विशेषतः एक : या कथनातून कोणाला गाळले आहे? कारखान्यातल्या हत्यारांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा कामगाराच्या खणात असते.

१

‘टूल मॅनेजमेंट’ हा शब्द कारखान्याबाहेर फारसा कोणी ऐकलेला नसतो. ड्रिल, रीमर, टॅप, मिलिंग कटर, लेथच्या होल्डरमध्ये बसणारे छोटे इन्सर्ट ही सगळी कापणारी हत्यारे. ती झिजतात, कधी मोडतात. काहींना पुन्हा धार लावता येते, काही टाकून द्यावी लागतात. कोणते हत्यार किती घ्यायचे, कोठे ठेवायचे, केव्हा बदलायचे, धार कोणी लावायची, धार लावल्यावर त्याची लांबी मोजून ते मशीनसाठी कोणी तयार ठेवायचे, या साऱ्याची व्यवस्था म्हणजे टूल मॅनेजमेंट. मोठे मशीन, कुशल माणूस आणि कच्चा माल तिन्ही हजर असताना वीतभर लांबीचा एक रीमर जागेवर नाही म्हणून काम थांबलेले मी अनेकदा पाहिले आहे. कोट्यवधींचे मशीन गप्प उभे असते आणि एक पोऱ्या टूल स्टोअरच्या खिडकीकडे धावत असतो.

ही व्यवस्था स्वतंत्र काम म्हणून उभी राहण्यात टेलर यांचा मोठा वाटा आहे. ते स्वतः हाताने काम करत वर आलेले होते. फिलाडेल्फियातील मिडव्हेल स्टील कंपनीत ते आधी यंत्रावर उभे राहिले, मग टोळीचे मुकादम झाले आणि १८८०मध्ये त्यांनी धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले. प्रयोग सव्वीस वर्षे चालले. या काळात आठ लाख पौंडांहून अधिक पोलाद आणि लोखंड त्यांनी कापून त्याचा कीस केला; नोंदलेल्या प्रयोगांची संख्या ते तीस ते पन्नास हजार अशी देतात. लेथवर उभ्या असलेल्या माणसापुढचे रोजचे प्रश्न साधे होते : कोणते हत्यार लावू, मशीन किती वेगाने फिरवू, हत्यार किती पुढे सरकवू? टेलर यांना आढळले की उत्तर बारा वेगवेगळ्या घटकांवर अवलंबून आहे. इतके घटक कोणाच्या डोक्यात एका वेळी मावणार नाहीत, म्हणून त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः गणिती कार्ल बार्थ यांनी, त्यासाठी खास सरकपट्टी तयार केली. पट्टी सरकवायची आणि उत्तर वाचायचे.

या प्रयोगांतून निघालेले एक सूत्र आजही प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात. कापण्याचा वेग वाढवला की हत्याराचे आयुष्य घटते, आणि ते वेगाच्या मानाने फार झपाट्याने घटते. हाय-स्पीड स्टीलच्या हत्यारासाठी टेलर यांनी जो घातांक धरला तो घेतला, तर वेग फक्त दहा टक्क्यांनी वाढवल्यावर आयुष्य निम्म्याहून कमी होते. ‘जरा हात चालवा’ असे म्हणणाऱ्या सुपरवायझरला हे सूत्र ठाऊक नसते. टूल स्टोअरमधल्या माणसाला मात्र त्याची झळ रोज बसते.

एक वाचक म्हणून टेलर यांच्या प्रबंधातली चिकाटी मला थक्क करते. त्यातली ‘कला’ मात्र अस्ताला निघालेली आहे. टेलर यांच्या आधी कारागीर आपले हत्यार स्वतःच्या नजरेने, आपल्याला हवे तसे सहाणेवर घासून घेई. टेलर यांनी धार लावणे टूल रूमकडे नेले, हत्यारांचे आकार ठरवून दिले आणि तयार हत्यार कामगाराच्या हातात देण्याची पद्धत घातली. त्याचे फायदे खरे होते. निकृष्ट धार आणि वाया जाणारा वेळ या तक्रारीही खऱ्या होत्या. पण कारागिराचे ज्ञान त्याच्या बोटांतून काढून पट्टीवर आणि कागदावर नेणे, हा त्या साऱ्या खटाटोपाचा आतला प्रवाह आहे. १९११च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यातले साचेकाम करणारे कामगार टेलरपद्धतीच्या घड्याळाविरुद्ध काम टाकून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले आणि टेलर यांना तिथे साक्ष द्यावी लागली. ज्याच्याकडून ज्ञान काढून घेतले जात होते, त्याला ते कळत होते.

२

टेलर यांच्या पट्टीत एक उणीव होती. ती एका मशीनला, एका हत्याराला उत्तर देत असे. दहा मशीन, शेकडो हत्यारे, धार लावणारा एक माणूस आणि तीन पाळ्या असतील, तर एकाचे उशिरा येणे दुसऱ्याला कसे अडवते हे सूत्रात मावत नाही. शिवाय सूत्र एकच आयुष्य सांगते. प्रत्यक्षात एकाच पेटीतून काढलेल्या दोन रीमरपैकी एक शंभर भोके करतो आणि दुसरा साठावर दम तोडतो. ‘सरासरी’ नावाचा रीमर कोणत्याच पेटीत नसतो.

या अनिश्चिततेला हाताळण्याची युक्ती पत्त्यांच्या डावातून आली. १९४६मध्ये गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम आजारातून उठताना एकट्याने पत्ते खेळत होते. डाव लागण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे त्यांना जड गेले. मग त्यांच्या मनात आले की शंभर डाव मांडून किती लागतात ते सरळ मोजले तर? जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर याच कल्पनेतून पुढे जी पद्धत घडली, तिला जुगाराच्या गावावरून ‘माँटे कार्लो’ हे नाव मिळाले. इंग्लंडमधल्या युनायटेड स्टील कंपनीत काम करणाऱ्या टॉचर यांनी तिला कारखान्याचा सांगाडा दिला. त्यांच्या मांडणीत कारखाना म्हणजे निरनिराळ्या अवस्थांतून जाणाऱ्या यंत्रांचा संच. घड्याळ पुढच्या घटनेपर्यंत उडी मारते, जे संपायचे ते संपते, आणि मग ज्यांच्या सर्व अटी पुऱ्या झाल्या आहेत ती कामे सुरू होतात. ‘मशीन मोकळे आहे, माणूस मोकळा आहे, हत्यार हजर आहे’, या तिन्हींचा जेव्हा मेळ बसतो तेव्हाच कापणी सुरू होते. कारखान्यातले निम्मे दुःख या एका अटीत आहे.

आपल्या समीक्षेत रुळलेला एक जुना भेद इथे उपयोगी पडतो. ॲरिस्टॉटलच्या मते इतिहासकार घडलेले सांगतो आणि कवी घडू शकेल ते सांगतो. टूल स्टोअरचे रजिस्टर हा इतिहास आहे : अमुक तारखेला अमुक रीमर दिला, अमुक परत आला. सिम्युलेशन हे त्या अर्थाने काव्य आहे. ते न घडलेले पण घडू शकणारे दिवस एकामागून एक रचत जाते. त्याला मराठीत ‘अनुकृती’ म्हणता येईल, पण मला ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. विश्वामित्राची प्रतिसृष्टी जशी एका त्रिशंकूच्या हट्टापायी उभी राहिली, तशीच कारखान्यातली प्रतिसृष्टीही कोणाच्या तरी प्रश्नापायी उभी राहते. आणि त्रिशंकूही तिच्यात असतोच : स्टोअरमध्ये नाही, मशीनवर नाही, असे अधांतरी लोंबकळणारे हत्यार.

ही प्रतिसृष्टी वाचकाला दिवाळीच्या सुट्टीत एका फाशावर उभारता येईल. समजा, सात मशीन आहेत आणि सर्वांना एकाच मापाचा रीमर लागतो. नवा रीमर लावताना फासा टाकायचा. जितके ठिपके पडतील तितके तास तो टिकेल. सरासरी साडेतीन तास. सात मशीन, साडेतीन तास, म्हणजे सरासरीने दर तासाला दोन रीमर झिजून उतरतील. उतरलेला रीमर धार लावून, मोजून परत यायला पाच तास लागतात असे धरू. म्हणजे कोणत्याही वेळी दहा रीमर या फेऱ्यात आणि सात मशीनवर, एकूण सतरा. कागदी हिशेबाने सतरा पुरतात. आता फासे टाकत जा. थोड्याच वेळात लागोपाठ चार-पाच मशीनवर एक किंवा दोन पडतील, पाच तासांत दहाऐवजी तेरा रीमर उतरतील आणि तीन मशीन हात जोडून उभी राहतील. सरासरीला जे दिसत नव्हते ते फाशाला दिसले. सतराऐवजी किती ठेवले तर मशीन क्वचितच थांबतील, हे डाव पुन्हा पुन्हा मांडून काढता येते.

याहून मोलाचे म्हणजे, आणखी रीमर विकत घेणे हाच एक उपाय नाही, हेही प्रतिसृष्टी दाखवते. पाच तासांचा फेरा कशाने होतो ते पाहा. प्रत्यक्ष धार लावायला काही मिनिटे लागतात. बाकीचा वेळ वाट पाहण्यात जातो, कारण ग्राइंडरवरचा माणूस एका मापाचे पुरेसे रीमर साठेपर्यंत थांबतो. दर खेपेला मशीनची मांडणी बदलणे त्याला परवडत नाही. त्याहून कमी रीमरांवर त्याने काम सुरू केले तर त्याचे श्रम वाढतील, पण फेरा लहान होईल आणि एकूण हत्यारे कमी लागतील. ग्राइंडिंगची बचत मशीनशॉपला महाग पडते आहे, हे दोन्ही खात्यांच्या बैठकीत कधीच ठरत नाही. प्रतिसृष्टीत ते अर्ध्या तासात दिसते. सिम्युलेशनचा खरा उपयोग मला इथे वाटतो, आणि तो मी मनापासून मान्य करतो. एका खिडकीतून न दिसणारे कारण ते दुसऱ्या खिडकीतून दाखवते.

३

आता चूक सांगतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मी ज्या कारखान्यात होतो तिथे इंजिनाचे भाग बनत. हत्यारांवरचा खर्च वाढत होता आणि तरीही ‘टूल नाही’ म्हणून मशीन थांबत होती. व्यवस्थापनाने सिम्युलेशनचे पॅकेज घेतले आणि ते काम माझ्याकडे आले. मी महिनाभर रजिस्टरे उपसली, मशीनच्या वेळा मोजल्या, ग्राइंडिंगचा फेरा मांडला. प्रतिसृष्टी सुरेख चालू लागली. एकच अडचण होती : ती आमच्या कारखान्यासारखी वागत नव्हती. माझ्या संगणकावर हत्यारे पुरून उरत होती आणि खाली शॉपमध्ये कपाटे रिकामी होती.

मी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होते : खरेदी केलेली आणि व्यवस्थेत फिरत असलेली हत्यारे यांत मोठी तफावत असून, ती अनधिकृत साठ्यामुळे असावी. वाक्य बरोबर होते. ‘अनधिकृत’ हा शब्द मी सहज लिहिला. अहवालावर माझी सही होती. पंधरा दिवसांनी पाळी सुटताना खणांची झडती सुरू झाली.

शॉपमध्ये एक वयस्क कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. त्यांच्या खणातून तेलकट कागदात गुंडाळलेले सहा रीमर निघाले. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने काहीबाही खुणा होत्या. त्यांना मेमो मिळाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मशीनपाशी गेलो तेव्हा ते वर न बघता म्हणाले, “साहेब, चोरून न्यायचं असतं तर पहिल्या वर्षीच नेलं असतं. ह्ये राखून ठेवलेलं हाय.”

मग त्यांनी मला जे समजावले ते माझ्या कोणत्याही नोंदीत नव्हते. त्यांच्या जुन्या मशीनचा स्पिंडल किंचित हलत असे. कोरा रीमर तसाही थोडे मोठे भोक करतो. या मशीनवर तो भोक मापाच्या बाहेर नेई. थोडा झिजलेला रीमर लावला की भोक नेमके येई. म्हणून अर्धे आयुष्य उलटलेला रीमर ते दुसऱ्या मशीनवरच्या मित्राकडून मागून घेत, आणि तो कोणत्या कामाला चालेल ते कागदावर लिहून ठेवत. स्टोअरच्या खिडकीवर असा रीमर मागायची सोय नव्हती. तिथे दोनच वर्ग होते : चांगला, आणि धारेला पाठवायचा. माझ्या प्रतिसृष्टीतही दोनच होते. एका मापाचे सगळे रीमर मी एकसारखे धरले होते, कारण रजिस्टरात त्यांचा क्रमांक एकच होता.

खणांत सगळेच असे जाणतेपण नव्हते, हेही सांगायला हवे. पुष्कळ खणांत निव्वळ भीती होती. रात्रपाळीत स्टोअर अर्धवट चालू असे. दोनदा रिकाम्या हाताने परत आलेला माणूस तिसऱ्यांदा एक जादा रीमर बाजूला ठेवतोच. उत्पादन कमी भरले तर जाब त्याला विचारला जातो, स्टोअरला नाही. मघाच्या फाशाच्या खेळात हे घालून पाहा. सात मशीन, तीन पाळ्या, प्रत्येकाच्या खणात एकच जादा रीमर : एकवीस. सतराची गरज असलेल्या कारखान्यात अडतीस रीमर आहेत आणि तरी खिडकीवर ‘नाही’ हेच उत्तर. ‘नाही’ ऐकून आणखी एक जण एक रीमर खणात टाकतो. टंचाई साठा वाढवते आणि साठा टंचाई. मामांच्या खणातले ज्ञान आणि बाकीच्या खणांतली भीती, दोन्ही मी ‘अनधिकृत’ या एका शब्दात कोंबली होती.

झडतीनंतरच्या महिन्यात मशीन थांबण्याचे प्रमाण आधी घटले, मग वाढले. मामांच्या मशीनवर मापाबाहेरची भोके येऊ लागली. लोकांनी रीमर खणांऐवजी आणखी अवघड जागी ठेवायला सुरुवात केली.

४

हा अनुभव माझ्या वाचनालाही लागू पडला. मराठी साहित्याचे कारखान्याशी नाते जुने आहे. ‘किर्लोस्कर’सारखे मासिक १९२०मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून जन्माला आले. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरच्या कादंबरीचे नावच ‘धावता धोटा’ असे, मागाच्या हत्यारावरून, ठेवले. नारायण सुर्वे यांनी कामगाराला कवितेत त्याच्या स्वतःच्या आवाजात उभे केले. हा वारसा मोठा आहे. तरीही माझ्या वाचनात कामगार येतो तो बहुधा सोसणारा, लढणारा किंवा हरणारा माणूस म्हणून. हत्याराची पारख असलेला, एका रीमरचे आणि दुसऱ्या रीमरचे वेगळेपण जाणणारा माणूस म्हणून तो क्वचितच येतो. त्याचे श्रम आपण लिहिले, त्याचे जाणतेपण कमी लिहिले. टेलर यांच्या प्रबंधातून आणि माझ्या प्रतिसृष्टीतून जे गळले, तेच काही अंशी आपल्या कथा-कादंबऱ्यांतूनही गळले आहे. म्हणून अभियंत्यांना नावे ठेवताना मी जरा जपून असतो.

सिम्युलेशनच्या इतिहासात या गळतीची दखल घेणारा एक माणूस होऊन गेला. नॉर्वेचे क्रिस्टन न्यूगोर. ओले-योहान डाल यांच्याबरोबर त्यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवली. नावाप्रमाणे ती सिम्युलेशनसाठी होती. तिच्यात प्रत्येक वस्तूला स्वतःची माहिती आणि स्वतःचे वागणे देता येत असे, आणि आजच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांनी वापरलेली ‘ऑब्जेक्ट’ची कल्पना तिथूनच आली. या कामासाठी २००१चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. पण माझे लक्ष त्यांच्या पुढच्या पावलाकडे आहे. आपल्या भाषेत रचलेल्या प्रतिसृष्टी माणसांच्या कामाचा वेग, त्यातला रस आणि एकमेकांशी असलेला त्यांचा संबंध बदलणार, हे न्यूगोर यांना दिसले. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते नॉर्वेच्या लोह व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कामगारांनी नियोजनाच्या या पद्धती स्वतः समजून घ्याव्यात आणि आपल्या कारखान्यात काय हवे ते स्वतः मांडावे, हा त्या प्रकल्पाचा गाभा होता. १९७५मध्ये नॉर्वेतील कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत संगणकव्यवस्थांबाबत करार झाला. अशा व्यवस्था येण्यापूर्वी कामगार-प्रतिनिधींना त्यांची माहिती मिळण्याचा हक्क त्यात मान्य झाला.

टेलर यांच्यापासून न्यूगोर यांच्यापर्यंतची ही रेघ मला महत्त्वाची वाटते. दोघेही प्रतिरूप बनवणारेच. टेलर यांनी कामगाराकडून माहिती घेतली आणि उत्तर त्याच्या हातात दिले. न्यूगोर यांनी प्रश्न विचारण्याचे साधनच त्याच्यापाशी नेले. फरक यंत्रातला नाही, कथनात कोणाला बोलू दिले यातला आहे. आणि न्यूगोर यांच्या भाषेतच मामांच्या रीमरचे उत्तर होते : प्रत्येक वस्तूला स्वतःची माहिती द्या. आज अनेक कारखान्यांत हत्याराच्या होल्डरमध्ये चकतीएवढी चिप बसवून त्या एकेका हत्याराची लांबी आणि उरलेले आयुष्य नोंदवतात. मामा ते पेन्सिलीने करत होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रतिरूपात सगळेच घातले तर ते प्रतिरूप राहत नाही. गाळणे हे त्याचे कामच आहे. खरे आहे. कादंबरीकारही गाळतोच. पण चांगल्या कादंबरीत जे गाळले त्याची जागा रिकामी जाणवते, वाईट कादंबरीत ते नव्हतेच असे भासवले जाते. माझ्या प्रतिसृष्टीने तो रिकामेपणा मला दाखवला होता : ती कारखान्यासारखी वागत नव्हती. त्या विसंगतीला मी प्रश्न म्हणून वाचायला हवे होते. मी तिला आरोप म्हणून वाचले. दोष आकडेमोडीचा नव्हता, वाचनाचा होता. टॉचर यांच्या पुस्तकाच्या नावातली ‘कला’ मला आता इथे दिसते. यादृच्छिक संख्या कशा घ्यायच्या, निकाल कसे तपासायचे, याच्या पद्धती शिकवता येतात. काय आत घ्यायचे आणि जुळले नाही तर कोणाकडे जाऊन विचारायचे, याचे सूत्र नाही.

पुढे मी प्रतिसृष्टी पुन्हा रचली. या वेळी मामांना आणि रात्रपाळीच्या दोघांना शेजारी बसवून. प्रत्येक माणसाला एक खण दिला आणि एक नियम : दोनदा रिकाम्या हाताने परत आलात तर एक जादा ठेवा. संगणकावरचा कारखाना प्रथमच आमच्या कारखान्यासारखा वागू लागला, तितकाच रखडत. मग ग्राइंडिंगचा लॉट लहान केला, रात्री स्टोअर पूर्ण वेळ उघडे ठेवले, आणि अर्धे झिजलेल्या रीमरसाठी वेगळा कप्पा केला. पडद्यावरचे खण झडतीशिवाय हळूहळू रिकामे होत गेले. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आता ह्ये वरच्यास्नी दावा.”

दाखवले. लहान लॉट मंजूर झाला, रात्रपाळीचे स्टोअरही. वेगळा कप्पा ‘नंतर पाहू’ म्हणून राहिला. मामांचा मेमो मागे घ्यावा असे मी वेगळे पत्र दिले. त्याला उत्तर आले नाही. निवृत्त होताना तो त्यांच्या फायलीत होता.

त्या कारखान्यात खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून हळदकुंकू वाहत, झेंडूच्या माळा घालत आणि प्रत्येक जण आपली हत्यारे मशीनपुढे मांडून पूजा करी. नव्याने लागलो तेव्हा एका खंडेनवमीला मी हौसेने ती मोजली होती. रजिस्टरात होती त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली होती. वर्षातल्या त्या एका दिवशी सगळे खण आपणहून उघडत आणि कोणी कोणाला काही विचारत नसे. झडतीच्या वर्षी खंडेनवमीला मी पुन्हा शॉपमधून फिरलो. मशीनपुढे रजिस्टरात होती तेवढीच हत्यारे होती. मामांच्या मशीनपुढे झेंडूची दोन फुले, एक पाना आणि एक कोरा रीमर होता. मी तो हिशेब कोठेही लिहिला नव्हता. इथे प्रथमच लिहितो आहे.